मास्तर, सूर उन्हातच लावायचा असतो

मास्तर, तुम्ही मेलात ते बरं केलं नाहीत. मरणाला माझी हरकत नाही. वय झालं होतं, छाती रिकाम्या डब्यासारखी वाजत होती, आणि ज्याला कॉर्नेट फुंकता येत नाही त्याने श्वास घेऊन तरी काय करायचं, असं तुम्हीच म्हणायचात. माझी हरकत वेळेला आहे. एक दिवस थांबायचं होतं. पोंभुर्ण्याहून येणारी बस चंद्रपूरच्या स्टँडात शिरेपर्यंत. त्या बसची वाट लोक उभ्याने बघतात, पिशव्या सांभाळत, कंडक्टरच्या शिव्या खात. तुम्हाला तर नुसतं पडून राहायचं होतं.

मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. पण तुम्ही जिवंत असताना मी तुमच्याबद्दल इतकं मन लावून वाईट बोललो आहे, पानठेल्यावर, बसस्टँडवर, तुमच्याच अंगणात तुमच्याच घरचा चहा पिऊन, की आज एकाएकी गोड बोलायला लागलो तर तुम्ही ओळखायचेच नाही. "कोन होय बे हा?" म्हणाल. मी तोच, मास्तर. तुमच्या बँडचा नाटक्या. दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या नाटकांत खलनायक होऊन बायकांचे शाप घेणारा आणि लग्नसराईत तुमच्या शिव्या घेत आल्टो नावाचा बाजा वाजवणारा.

इतक्या वर्षांत मी तुमच्याकडे एकच गोष्ट मागितली. एकदा, चारचौघांत, माझ्या आल्टोकडे पाहून म्हणा, "सुरात आहे." बस्. देवरावच्या कॉर्नेटला तुम्ही हे म्हणालात. दोन्ही क्लॅरिनेटवाल्यांना म्हणालात. झांजवाल्याला म्हणालात, मास्तर! झांजेला! तिला सूर असतो कुठे? तो बिचारा आठवडाभर छाती काढून फिरला. आणि मी?

आता ऐकेल त्याला पहिल्यापासून सांगतो, तुम्हाला मधेच तोडता येणार नाही म्हणून तर जास्तच मजेत सांगतो.

कुठल्याशा कारखान्याचा बँड मोडला आणि त्यांची वाद्यं एका गठ्ठ्यात विकायला निघाली. तुम्ही गेला होतात ढोल आणि कॉर्नेटसाठी. गठ्ठ्यात ही आली. क्लॅरिनेटच, पण अंगापिंडाने मोठी. काळ्या लाकडाची, वर धातूची वाकडी मान, खाली वर वळलेलं धातूचं तोंड. हमीदभाई, जे शिलाई मशीन, हार्मोनियम आणि लोकांचे संसार एकाच पान्याने दुरुस्त करतात, त्यांनी ओळखलं. म्हणाले, "ये आल्टो क्लॅरिनेट है, मास्टर. बडे बँड की चीज."

तुम्ही तिला उभी आडवी पाहिलीत. "चिलीम आहे बे ही. आता ओढाची कोनी ते सांगा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. का ते मला आजही कळलेलं नाही.

पहिल्या दिवशी मी फुंकली तेव्हा समोरच्या पिठाच्या गिरणीवाल्याने गिरणी बंद करून काय बिघडलं ते पाहिलं. खालचे सूर ओल्या गोणपाटासारखे. वरचे सर्दी झालेले. मधले, गळ्याजवळचे चार सूर तर नव्हतेच. फुंकर यायची, सूर यायचा नाही. जे यायचे ते सगळे कॉर्नेटच्या हातभर खाली. मी म्हटलं, बाजा बिघडलेला आहे. तुम्ही सुपारी-तंबाखूच्या खर्र्याची पुडी उघडत म्हणालात, "सूर तोंडात असते, लाकडात नाई. तुयं तोंडच बेसूर आहे." आणि मला आपल्या बँडच्या दुकानाच्या मागच्या भिंतीकडे तोंड करून उभं केलंत, एकेक सूर दम सुटेपर्यंत लांबवायला. नाटकात मी राजे मारले आहेत, मास्तर. तुम्ही मला भिंतीला लावलंत.

पावसाळा येईपर्यंत त्या भिंतीवरचा चुना मला तोंडपाठ झाला. शेवटी हमीदभाईंनाच दया आली. त्यांनी आल्टोच्या खालच्या तोंडात चिंधी कोंबली, माझ्याकडून सगळी भोकं आणि चाव्या दाबून बंद करवल्या, बिडी पेटवली आणि वरून आत धूर सोडला. सगळं बंद असताना धूर बाहेर यायला नको. आला. इथून, तिथून, मानेच्या सांध्यातून. आमची आल्टो चुलीसारखी धुपायला लागली.

"देखा मास्टर? बाजा खुद सांस छोड रहा है. ये बेचारा क्या करेगा?"

मी विजयी मुद्रेने तुमच्याकडे पाहिलं. अशी मुद्रा मी तिसऱ्या अंकासाठी राखून ठेवतो. तुम्ही धुराकडे पाहिलंत, माझ्याकडे पाहिलंत आणि विचारलंत, "बिडीले सूर समजते का बे?"

हमीदभाईंनी बकरीच्या मऊ चामड्याच्या नव्या गाद्या कापून चाव्यांना बसवल्या. फुंकायच्या टोकाला लागणारी आल्टोची वेताची पत्ती कुठे मिळेना, म्हणून सॅक्सोफोनची आणून मी काचेच्या तुकड्याने खरवडून पातळ केली. आणि काय सांगू! मधले चार सूर आले. खालचा आवाज असा भरून आला की दुकानाचं शटर गुणगुणायला लागलं. मी वाजवून थांबलो. आता म्हणतील, आता म्हणतील.

"बरं झालं," तुम्ही म्हणालात. "आता बेसूरपना साफ ऐकू येते."

मी त्या दिवशी बँड सोडला होता. संध्याकाळी परत आलो, कारण माझी टोपी राहिली होती.

पण खरं युद्ध बुचांचं. हे लोकांना समजावून सांगावं लागेल, कारण तुम्ही बाहेर कधी कबूल केलं नसणार. चावी उघडली की ती भोकापासून किती वर उठेल, हे तिच्याखाली चिकटवलेला बुचाचा तुकडा ठरवतो. बूच जाड असलं की चावी नुसती पापणी उचलल्यासारखी उघडते; सूर गुदमरतो आणि खाली पडतो. हे मला कळलं त्या दिवशी मी ब्लेड घेतलं आणि बुचं तासली. चावी उघडली, आवाज उघडला, सूर वर सरकला. मी दोन दिवस हवेत. तिसऱ्या दिवशी वाजवायला घेतली तर पुन्हा गोणपाट. पाहतो तर चाव्यांखाली स्लिपरचा निळा रबर!

"मास्तर, हे कोनी लावलं?"

"चाव्या फटफट वाजून राह्यल्या होत्या."

"अहो पन सूर खाली गेला न!"

"आल्टोनं खालीच राहाव. आल्टो म्हनजे वरनातलं मीठ. वेगळं लागलं का वरन फेकाव लागते."

"मिठाले पन वाटत असन न मास्तर, का आपलं कोनी नाव घ्याव."

"मीठ बोलत नाई बे. तू एकटाच बोलतं."

मी रबर काढायचा, तुम्ही लावायचात. मी पेटीला कुलूप घातलं. तुम्ही बिजागरीचे स्क्रू काढलेत. पार्बताबाई, तुमची बायको, एकदा घरातल्या एका पायाच्या चपलेचा अंगठा शोधत दुकानात आल्या आणि आल्टोखाली बघून म्हणाल्या, "अगं माय, हे तं मायंच होय!" तेव्हाही तुम्ही हसला नाहीत. मला मात्र हसू आवरेना, आणि त्या हसण्याचाच तुम्ही सूड घेतलात गोंडपिपरीला.

गोंडपिपरी. मे महिना. सकाळचीच वरात, पण ऊन असं की रस्त्याचं डांबर चपलेला धरत होतं. आपण शाळेच्या व्हरांड्यात, गार सावलीत सूर लावला, कारण तुमचा नियम होता: सूर सावलीत लावायचा. लावला. जुळला. वरात निघाली, ऊन डोक्यावर आलं आणि पितळेचा सूर चढायला लागला. कॉर्नेट चढला, मागचे भोंगे चढले. लाकूड बापडं मागे राहिलं. हे मी तुम्हाला त्याआधी किती वेळा सांगितलं होतं! चौकात आल्यावर तुम्ही काठी वर केलीत.

"थांबा!"

सगळा बँड थांबला. घोडा थांबला. नाचणारी पोरं एक पाय वर धरून थांबली.

"ए नाटक्या, दे सूर." मी दिला. "देवराव, तू." त्यानेही दिला. त्या दोन सुरांमधून बैलबंडी गेली असती.

नवरदेवाचा मामा घाम पुसत धावत आला. "ओ मास्तर, काऊन थांबवलं? मुहूर्त निघून राह्यला न!"

"मुहूर्त रोज निघते. सूर नाई निघत."

"अहो घोडा तापून राह्यला!"

"मंग घोड्यालेच विचारा. तो तरी सांगन, बेसूर कोन आहे तं."

माझ्यातला खलनायक जागा झाला. भर चौकात, नवरदेवासमोर मी ओरडलो, "मास्तर, सूर सावलीत लावता अन वाजवाले उन्हात उभं करता! उन्हातच लावा न सूर!"

"मांडवात सावली राह्यते. तिथी काय करशीन?"

"तिथी पुन्हा लावू!"

"म्हनजे तू लग्नभर सूरच लावशीन. वाजवशीन कवा, बारशाले?"

सगळी वरात हसली. मामा हसला. मुंडावळ्यांच्या आतून नवरदेव हसला. तुम्ही काठीने मला मागे जायला सांगितलंत, मोठ्या ढोलाच्या पाठीमागे, जिथे माझं मलाही ऐकू येत नव्हतं. तो सगळा हंगाम मी ढोलाच्या चामड्याकडे बघत वाजवला. आणि ऐका, त्या दिवशी मांडवाच्या सावलीत शिरल्यावर पितळ उतरलं आणि माझी आल्टो देवरावच्या कॉर्नेटला अचूक मिळाली. तुमचा कान मांजरीचा. तुम्ही ऐकलंत. मान वळली होती तुमची, मी ढोलाच्या कडेवरून पाहिली. बोलला नाहीत. हे मी माफ केलेलं नाही, करणारही नाही.

आता कोणी म्हणेल, मास्तरांचं काही चांगलं सांग. सांगतो, पण नाइलाजाने. आलापल्लीचं लग्न होतं, जंगलखात्यातल्या एका माणसाच्या मुलीचं, ऐन थंडीत. मॅटाडोरच्या उघड्या हौद्यात आपण सगळे घोंगड्या पांघरून बसलो होतो, दोन्हीकडे साग, आणि धुकं असं की ड्रायव्हर क्लीनरला विचारून गाडी चालवत होता. पोहोचल्यावर मी पेटी उघडली तर आल्टोचं लाकूड जागेवर नाही. मी बोंब मारली. तेव्हा तुम्ही स्वेटरच्या आत हात घातलात आणि दोन्ही लाकडं काढून दिलीत. ऊबदार. खर्र्याचा वास येणारी.

"थंड लाकडात एकदम गरम फुंकर मारशीन तं तडकन फुटन," तुम्ही म्हणालात. "तुयासाठी नाई केलं. बँडाची वस्तू आहे."

मी म्हटलं, "मास्तर, पोटाशी धरलं तिले, आता सुरात आहे म्हना."

"वास येते तिचा," तुम्ही म्हणालात. वास तुमचा होता.

त्यानंतर धुमाल आले. गाडीवर कॅसिओ, भिंतीएवढे स्पीकर, दहा ढोल, आणि सूर लावायची भानगडच नाही. बटण दाबलं की सूर. आपली एकेक माणसं तिकडे गेली. देवराव उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायला पोंभुर्ण्याकडे जायला लागला. तुम्ही दुकानात बसून कॉर्नेट पुसत राहिलात आणि खोकत राहिलात. माझ्याकडे वेळच वेळ होता. मी त्या बाईच्या, म्हणजे आल्टोच्या, मागे लागलो.

तुम्हाला सांगतो मला काय सापडलं ते. सूर जुळवायला आपण तिची मान थोडी बाहेर ओढतो, की नाही? ओढली की सांध्याच्या आत एक खोबण उरते, बाहेरून न दिसणारी. मधले चार सूर त्या खोबणीत पडून पाय मोडून घेत होते. बाकीचे सूर एवढे खाली यायचे आणि ते चार तेवढे. म्हणून ती कधी सगळीच्या सगळी जुळायची नाही. एक टोक धरलं की दुसरं सुटायचं. मी विजेच्या फिटिंगच्या पाइपची एक बारीक चकती कापली, घासून घासून त्या खोबणीत बसेल अशी केली. वाजवली. मास्तर, सगळे सूर एका रांगेत! शाळेतली पोरं गुरुजी आल्यावर बसतात तशी.

मी तशीच ती उचलून तुमच्या घरी आलो. तुम्ही खाटेवर. पार्बताबाईंनी चहा टाकला. मी आधी ते चार सूर वाजवले, सावकाश, एकेक. मग वरातीची अख्खी चाल वाजवली. तुम्ही डोळे मिटलेले.

पार्बताबाई म्हणाल्या, "बोला न काही. पोरगं घामाघूम झालं."

तुम्ही डोळे उघडलेत. "एकट्याचा सूर, सूर नसते. जंगलात एकटाच मानूस असन तं त्याले उंच म्हनाव का बुटका? बाजूले कोनी उभं पायजे. देवरावले आन. मंग सांगतो."

"देवराव पोंभुर्ण्याले गेला, पत्ता तोडाले."

"मंग मी कुठी पळून राह्यलो?"

हे तुमचे शब्द. पार्बताबाई साक्षीला आहेत. मी त्याच दिवशी पोंभुर्ण्याला गेलो, तेंदूपत्ता गोळा करतात त्या फळीवरून देवरावला शोधून काढला, हात डिंकाने काळे झालेला. म्हटलं, मास्तरांनी बोलावलं. तो म्हणाला, "काऊन, मरून राह्यले का?" मी म्हटलं, "नाई बे, हरून राह्यले." दुसऱ्या दिवशीच्या बसने आम्ही आलो. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी माणसं उभी होती, टॉवेल डोक्यावर घेऊन.

कुठे पळून राह्यलो म्हणे!

नातू, पणतू पाहिलेल्या माणसाला वाजवत न्यायची आपली रीत. धुमालात गेलेलेसुद्धा जुने लाल कोट घालून आले, काहींची बटणं पोटावर लागत नव्हती. सवयीप्रमाणे सगळे सूर लावायला अंगणातल्या निंबाच्या सावलीत जमले. मी उन्हात जाऊन उभा राहिलो. म्हटलं, "इथी या." सगळे आले. तुमच्या बँडने पहिल्यांदा उन्हात सूर लावला, मास्तर, आणि तुम्ही तिरडीवरून एक अक्षर बोलू शकला नाहीत. मला वाटलं होतं मजा येईल.

तुमच्या घरापासून इरईच्या काठापर्यंत आम्ही भजनाची चाल वाजवत गेलो. ऊन तेच, गोंडपिपरीचं. पहिल्या ओळीला देवरावने वरचा सूर धरला आणि मी खालून तिकडे गेलो. मास्तर, तो मिळाला. नुसता जवळ आला असं नाही. दोन सुरांच्या मध्ये जी बारीक थरथर असते, जी तुम्हाला रस्त्याच्या पलीकडून ऐकू यायची, ती गेली. माझी आल्टो मला दिसेना झाली. ती कॉर्नेटच्या आत होती. देवरावने डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. मीठ वेगळं लागत नव्हतं, पण मी होतो. नदीपर्यंत होतो.

आंघोळी करून लोक झाडाखाली बसले आणि मग सुरू झालं. देवराव म्हणाला, "सुरात होती बरं आज." झांजवाला म्हणाला, "एकदम सुरात." धुमालवाले म्हणाले. हमीदभाईंनी डोळे पुसत खांद्यावर हात ठेवला, "मास्टर सुनते तो मान जाते." मी त्यांचा हात झटकला. पार्बताबाईंनी तर तिसऱ्या दिवशी स्वतःहून सांगितलं, "लय चांगली वाजली तुयी चिलीम." ज्याने त्याने मला ते दोन शब्द वाटले, तेरवीच्या बुंदीसारखे. कोणी भांडलं नाही. या माणसांचा माझ्यावर जीव आहे, मास्तर. त्यांच्या शब्दाचं मी काय करू? तुमचा माझ्यावर राग होता. तुमचा शब्द खरा धरता आला असता.

तेरवी झाल्यावर उरलेला बँड दुकानात बसला आणि सगळ्यांनी मिळून तुमची काठी माझ्या हातात दिली. मी नको म्हणायचं नाटक केलं, फार लांबवलं नाही. पुढच्या आठवड्यात लग्न आहे, धुमालवाल्याची गाडी बंद पडली म्हणून आलेलं. काल तालीम होती. दुकानासमोर, उन्हात. मी देवरावला म्हटलं, दे सूर. त्याने दिला आणि माझ्याकडे पाहिलं. जगात इतका सरळ सूर मी ऐकला नव्हता. तो वाट पाहत होता. दोन शब्द माझ्या ओठांपर्यंत आले होते.

"जरा खाली आहे," मी म्हटलं.

"मास्तर तं मले कधी असं नाई म्हनले."

"मास्तर मेले. वाजव."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की कोटाला भोक पडावं. मग दात आवळून, छाती भरून वाजवला. बंद गिरणीच्या पायरीवर बसलेली दोन माणसं उठून उभी राहिली.

सुरात होता, मास्तर. पहिल्यांदाही होता. मी सांगितलं नाही.